माझं पोट आणि तुझं आभाळ

होल्वेर्ट, नेदरलंड, २ नोव्हेंबर

डाउवे,

हे पाकीट जोआनने तुझ्या टेबलावर ठेवलं असणार आणि तू ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असणार. ईमेल तू न वाचता पुसून टाकतोस, हे जोआननेच, तुझ्या बायकोनेच मला सांगितलं. कागद पुसता येत नाही. फार तर जाळता येतो. पण न्यूझीलंडमध्ये आता उन्हाळा लागतोय, शेकोटी पेटवायला तुला निमित्त मिळणार नाही.

मुद्द्यावर येते. जोआन फोनवर म्हणाली की तू नवा संगणक घेतलास, त्यावर विमान चालवायचा सिम्युलेटर घातलास, आणि डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआर गॉगलही आणलास. गॉगल घालून तू तुझ्याच दरीवरून उडालास आणि थोड्याच वेळात वासरांना दूध पाजायच्या बादलीत ओकलास. मग गॉगल शेडमध्ये ऑइलच्या डब्यांमागे भिरकावून दिलास आणि म्हणालास, ‘हेही गेलं.’

त्या दोन शब्दांचा मला फार राग आला. म्हणून हे पत्र.

आधी जुनं प्रकरण उरकते, म्हणजे तुला सारखं मनात घोळवावं लागणार नाही. सात वर्षांपूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कोसळलास आणि शुद्धीवर येताच म्हणालास, ‘कुणाला सांगू नकोस.’ मी जोआनला सांगितलं, जोआनने डॉक्टरला. तुझा वैमानिकाचा परवाना गेला, डोंगरउतारांवर खत टाकायचं तुझं पिवळं विमान गेलं आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. त्याची माफी मागायला मी बसलेली नाही. उद्या पुन्हा कोसळलास तर पुन्हा सांगेन. डोंगरावर आपटलेला भाऊ मला नको होता. रुसलेला चालेल.

पण ‘हेही गेलं’ हे मला चालणार नाही. जमिनीवर खुर्चीत बसून उडायला कुठल्या डॉक्टरची हरकत नाही. तुझ्या तर नाहीच, मी जोआनला विचारून घेतलंय. अडचण फक्त मळमळीची आहे. आणि मळमळ या विषयात आपल्या घराण्यात माझ्याएवढं कुणी शिकलेलं नाही. आठवतंय ना आमेलांडच्या बेटावर जाणारी बोट? खाडी तव्यासारखी सपाट असायची, तू आणि बाबा तळलेले मासे खायचात, आणि मी कठड्याला धरून उभी असायचे. तुझ्या विमानात मी कधी बसले नाही याचाही तुला राग होता. मी तुला नाकारत नव्हते, गाढवा. मला तुझ्या सीटवर ओकायचं नव्हतं.

तर माझा हिशेब असा: जे माझ्या पोटाला सोसेल, ते जगात कुणालाही सोसेल. जोआनकडून तुझ्या संगणकावरच्या मॉडेलच्या चिठ्ठीचा फोटो मागवला आणि डिट्टो तसाच संगणक, तसाच गॉगल आणलाय. माझा जुना संगणक तसाही बिघडला होता.

तिकडे राहून तू विसरला असशील, म्हणून सांगते. दर नऊ मार्चला सकाळी शेजारीपाजारी माझ्याकडे कॉफीला येतात, माझा हात हातात घेऊन म्हणतात, ‘अभिनंदन, तुझ्या भावाबद्दल.’ वाढदिवस ज्याचा असेल त्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करायचं, ही आपली पद्धत. इथे घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यावर तुझं नाव अजून आहे, म्हणून ते येतात. सात वर्षं मी एका न बोलणाऱ्या भावाबद्दल अभिनंदन घेतेय आणि वर त्यांना केक खायला घालतेय.

यित्स्के


होल्वेर्ट, २४ नोव्हेंबर

डाउवे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. पुढे वाच.

गावच्या सभागृहात शनिवारी सकाळी सिम्युलेटरवाल्यांचं मंडळ जमतं. सगळे निवृत्त पुरुष, प्रत्येकाचा संगणक वेगळा, प्रत्येकाचं मत वेगळं. त्यांचा म्होरक्या फॉप्पे. तुला आठवेल, चीजच्या कारखान्यात होता, आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो. मी माझं धूड हातगाडीवर घालून तिथे नेलं, तर हा माणूस दारातच सुरू झाला.

‘या या, मास्तरीणबाई! भूगोल शिकवून झाला, आता वरून बघणार?’

‘बघायचं नाहीये, फॉप्पे. पोटातलं पोटात ठेवायचंय. ते सांग.’

‘त्यात काय! सेटिंगमधलं सगळं उजवीकडे ढकला. झाडं, ढग, सावल्या, घरं, सगळं कमाल. एवढं दणकट मशीन घेतलंत ते काय काचेच्या कपाटात ठेवायला?’

मी सगळं उजवीकडे ढकललं. गॉगल चढवला. आणि डाउवे, खरं सांगते, पहिला क्षण विलक्षण होता. मी कॉकपिटमध्ये बसले होते. खरंच बसले होते. हात पुढे केला तर काटे दाखवणाऱ्या तबकड्यांना लागेल असं वाटलं. समोर आपला समुद्रबांध, त्यावर मेंढ्या. मला पहिल्यांदा कळलं की तू रोज सकाळी काय बघायला जायचास.

मग मी मान वळवली. मान वळली तरी बांध डोळ्यांसमोरच चिकटून राहिला, आणि मग धक्का दिल्यासारखा आपल्या जागी गेला. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. तोल सांभाळणारे कान म्हणतात हललो, डोळे म्हणतात नाही, आणि दोघांचं भांडण पोट सोडवायला जातं. हाताशी आला तो बिस्किटांचा डबा.

गावात आजही मी ओकले याची चर्चा नाही. डब्याची आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे कॉफीबरोबर एकेकच बिस्किट देऊन झाकण लावून ठेवलेला डबा होता तो, आणि दुसरी फेरी व्हायची होती.

‘पण आकडा तर चांगला होता,’ फॉप्पे पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला. हे सगळे लोक विमान उडवत नाहीत रे, तो कोपऱ्यातला आकडा उडवतात. सेकंदाला किती चित्रं निघाली, ते मोजतात. तो आकडा आधी साठ होता, तेवढ्यात चाळीस झाला, मग पुन्हा सत्तर. त्याला त्यातला सत्तर दिसला. माझ्या पोटाला चढउतार दिसला.

एवढं मात्र शिकले: गॉगलला दर सेकंदाला नव्वद चित्रं हवी असतात, ती प्रत्येक डोळ्याला वेगळी. संगणकाला ते झेपत नाही. काही चित्रं वेळेवर येतात, काही चुकतात, आणि त्या चुकण्यातच आपली बादली भरते. तू दुबळा झालेला नाहीस. कुणालाही होईल. म्हातारपण वगैरे मनात आणलं असशील तर काढून टाक.

यित्स्के


होल्वेर्ट, १५ डिसेंबर

डाउवे,

जमलं! हे अक्षर आनंदाने वाकडं आलंय, घाईने नाही.

कसं जमलं ते ऐक, कारण यात बाबांचा हात आहे. तुला तो कालव्यावरचा बर्फ आठवतो? बाबा पुढे, हातात लांब काठी, तिला धरून मागे मी, माझ्या मागे तू, शेवटी आई. सगळ्यांनी एकाच काठीला धरून स्केट्सवर एका लयीत घसरत जायचं. तू नेहमी जोर काढायचास, दोन ढांगा सगळ्यांच्या पुढे, मग काठीला हिसका बसायचा आणि चौघं खाली. बाबा उठून बर्फ झटकायचे आणि म्हणायचे, ‘जोराने नाही, डाउवे. सारखं.’

शनिवारी फॉप्पेच्या मशीनवरचा तो नाचरा आकडा बघताना मला एकदम ती काठी दिसली. संगणक तुझ्यासारखा धावतोय! कधी सत्तर, कधी चाळीस, आणि दर हिसक्याला आपण खाली. मग मी त्याला सत्तर मागितलेच नाहीत. नव्वदाचे निम्मे, पंचेचाळीस. त्याहून एकही जास्त द्यायचं नाही, अशी मर्यादा घातली. दोन खऱ्या चित्रांमधलं एकेक चित्र गॉगल स्वतःच भरून काढतो, तशी सोय त्यात आहेच, फक्त चालू करायची. आणि सगळ्यांची एक लय लागली.

मी आपल्या बांधावरून उडाले, खाडीवरून आमेलांडला गेले, बेटाला वळसा घालून परत आले. मान हवी तशी फिरवली. काहीही अडखळलं नाही. पाणी वाहत होतं, बांध वाहत होता, सगळं लोण्यासारखं! खाली बोट चालली होती. तिच्यावरून उडताना मी कठड्याकडे बघून हात हलवला. लहानपणी तिथे उभ्या असलेल्या त्या पांढऱ्याफटक तोंडाच्या पोरीला दाखवायचं होतं की बघ, मी कुठे आहे.

फॉप्पे शेजारी उभा होता. ‘पंचेचाळीसच? पण मास्तरीणबाई, माझा तर सत्तर जातो!’

‘जातो ना. आणि परत येतो. म्हणून तर डबा नवा आणावा लागला.’

सगळे हसले, तोही. मग तो गुपचूप आपल्या मशीनवर जाऊन मर्यादा घालताना मी पाहिला.

सोबतच्या कागदावर सगळ्या सेटिंग लिहिल्यात. गॉगल शेडमधून काढ, ऑइल पूस, आणि तसंच कर.

यित्स्के


होल्वेर्ट, १२ जानेवारी

डाउवे,

जोआनचा फोन आला. पुन्हा बादली.

तुझं वाक्यही तिने जसंच्या तसं सांगितलं. ‘तव्यावर राहणाऱ्या माणसाला डोंगर काय कळणार!’ मग दाराचा आवाज आला म्हणे.

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. अरे, ज्या बाईने आयुष्यभर मुलांना जगाचा नकाशा शिकवला, ‘नेदरलंड हा अपवाद आहे, बाकीच्या जगाला उंची असते’ असं दरवर्षी फळ्यावर लिहिलं, तिने सगळ्या चाचण्या कुठे केल्या? होल्वेर्टच्या बांधावर. आजूबाजूला खाडी, गवत, एखादं झाड, मेंढ्या. इथे संगणकाला काढायला आहेच काय? रेघ! वर निळी, खाली हिरवी. माझी सेटिंग चांगली नव्हतीच. माझा देश सोपा होता. असली चूक आपल्यासारख्या सपाट माणसांच्याच हातून व्हायची.

लगेच तुझ्या दरीत गेले. म्हणजे सिम्युलेटरमध्ये. तुझं शेड कुठे असेल ते नदीच्या वळणावरून शोधलं. आणि काय बघते, डोंगरामागे डोंगर, प्रत्येकावर जंगल, खोल दरी, दरीत ढग. मान वळवली आणि तो हिसका आला. पंचेचाळीसची लय तिथे टिकेचना. या वेळी बादली मी स्वतःची नेली होती.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, डाउवे, आणि ती मी तुझ्या तोंडावर सांगते. पुन्हा बादली लागली म्हणजे गॉगल शेडमधून बाहेर आला. सेटिंग केल्या म्हणजे कागद वाचला. कागद वाचला म्हणजे पत्रंही वाचलीस. तेव्हा आता दार आपटलंस तरी मला फरक पडत नाही.

आता मी इथे सपाटीवर एकही चाचणी करणार नाही. तुझ्या दरीतच करणार, सगळ्यात वाईट जागी, ढग खाली आलेले असताना. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणार. मंडळातले लोक एका बैठकीत दहा गोष्टी बदलतात आणि मग कशाने बरं झालं नि कशाने बिघडलं, यावर वाद घालत बसतात. मला वाद नकोत. मला तुझ्या डोंगरावर चढायचंय.

बादली धुऊन ठेव. फेकू नकोस.

यित्स्के


होल्वेर्ट, ९ फेब्रुवारी

डाउवे,

बस. खुर्ची ओढ. हे पत्र उभ्याने वाचायचं नाही.

आधी मी मूर्खपणा काय केला तो सांगते. चित्र अडखळतंय म्हटल्यावर मी चित्र धूसर करत गेले. एक पायरी, दोन पायऱ्या, तीन. शेवटी इतकं धूसर झालं की उंचीचा काटा वाचता येईना, आणि हिसका जिथल्या तिथे. मी हात टेकले होते. मग फॉप्पेनेच एक मोजमाप लावून दाखवलं (मी त्याला फार बोलले होते, आता थोडं मागे घेते): चित्र रंगवणारं कार्ड आरामात बसलं होतं, आणि प्रोसेसर बिचारा धापा टाकत होता. मी ज्याच्या पाठीवरचं ओझं काढत होते, त्याच्या पाठीवर ओझं नव्हतंच.

आपल्या काठीवर सगळ्यात हळू कोण होतं? आई. बाबा कुणाच्या लयीने जायचे? आईच्या. मग प्रोसेसरच्या पाठीवर काय आहे ते शोधलं. आकाशात फिरणारी दुसऱ्यांची विमानं: बंद केली, तुझ्या दरीत तशीही कोण येतं! रस्त्यावरच्या मोटारी: बंद. फार लांबपर्यंतच्या डोंगरांचा बारकावा: जवळचे नीट ठेवले, क्षितिजावरचे साधे केले. दर वेळी एकच बदल, मग तुझ्या शेडवरून उडणं, मग दरीत डावं वळण, कारण डाव्या वळणाला ती सगळ्यात जास्त अडखळते.

आणि मागच्या शनिवारी ती अडखळली नाही.

मला आधी कळलंच नाही. मी वाट बघत होते हिसक्याची, आणि दरी सरळ सरकत गेली. पुन्हा वळले. ढगात शिरले, ढगातून बाहेर पडले, खाली नदी चकाकली. कार्डाला जागा उरली होती म्हणून चित्रही पुन्हा स्वच्छ करता आलं, काटे लख्ख. कोपऱ्यातला आकडा मी कधीच बंद करून टाकलाय. आकडा बघत बसलं की दरी दिसत नाही.

तासभर उडाले. उतरले, गॉगल काढला, सभागृहाबाहेर मासळीची गाडी उभी होती तिथे गेले आणि कच्चं हेरिंग मागितलं, वर भरपूर कांदा. शेपटीला धरून, मान मागे टाकून, आख्खं खाल्लं. मंडळ रांगेत उभं राहून माझ्या तोंडाकडे बघत होतं. फॉप्पे घड्याळ धरून.

‘काय, मास्तरीणबाई?’

‘दुसरं दे,’ मी गाडीवाल्याला म्हणाले.

काय आरडाओरडा केला म्हणून सांगू! फॉप्पेने मला मिठी मारली, त्याच्या कोटाला कांद्याचा वास लागला. डाउवे, मी आयुष्यात एवढी कधी जिंकले नव्हते.

सेटिंगचा नवा कागद सोबत आहे. पहिला फाडून टाक.

आणि आता ऐक. नऊ मार्चला, तुझ्याकडे सकाळचे आठ वाजतील तेव्हा, मी आमेलांडवर बालुमच्या गवती धावपट्टीवर उभी असेन. इंजिन चालू ठेवून. इथे आठ तारखेची संध्याकाळ असेल, पण सिम्युलेटरमध्ये आपण सकाळच ठेवू. एकाच आभाळात दोन विमानं आणायची कशी आणि बोलायचं कसं, ते जोआनला समजावलंय. आलास तर ये. नाही आलास तर मी एकटी बांधापर्यंत जाऊन येईन, आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही.

एक गोष्ट राहिली. जुना संगणक बिघडला नव्हता. वाचनालयाला देऊन टाकला. तुला वाटलं असेलच.

यित्स्के


होल्वेर्ट, ९ मार्च, सकाळी

डाउवे,

काल तू होतास. तरी लिहितेय, कारण तू माझ्या बाजूला नव्हतास, आणि इकडे काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही.

मी वेळेच्या आधीच बालुमच्या गवतावर येऊन उभी राहिले. फॉप्पेने सभागृहाची किल्ली आणली होती. मंडळातले सगळे आले होते, बायकांसकट. गॉगलमुळे मला कुणी दिसत नव्हतं, पण कॉफीच्या कपांचे आवाज येत होते. आठ वाजले. कुणी नाही. आठ वाजून गेले. गवत, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, आणि मी.

‘तिकडचे लोक निवांत असतात,’ फॉप्पे हळूच म्हणाला. एवढ्या हळू बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘तिकडचा कुठला! तो होल्वेर्टचा आहे. आपला माणूस वाढदिवसाला उशीर करत नाही.’

असं म्हणाले खरी, पण माझाही धीर सुटला होता. मी ठरवलं, निघायचं. धावपट्टी मोकळी आहे ना बघायला मान डावीकडे वळवली, आणि तिथे पिवळं विमान उभं होतं. तुझ्या जुन्या विमानाचा पिवळा, शेपटीवर तीच अक्षरं. म्हणजे तू ते रंगवत बसला होतास. म्हणून उशीर. आणि इकडे आम्ही सगळे ताटकळत!

मी काही न बोलता इंजिनाला जोर दिला. तुला वाटलं असेल मी ताठ्यात आहे. गॉगल आतून ओला झाला होता, डाउवे. मला धावपट्टी दिसत नव्हती. म्हणून मी वाकडी उडाले.

आणि सात वर्षांनी तुझा पहिला शब्द काय? ‘उजवं पेडल जास्त दाबतेस.’

‘बरं,’ मी म्हणाले आणि पाय सैल सोडला. आयुष्यात पहिल्यांदा तुझं मुकाट्याने ऐकलं, त्याची नोंद घे.

मग आपण खाडीवर आलो. ओहोटी होती, खालची वाळू उघडी पडलेली, तिच्यात पाण्याच्या वाटा. मी तुझ्या पंखाकडे बघत होते आणि एकच विचार डोक्यात: आता थांबतो म्हणेल. आता म्हणेल. बांध आला, आणि तू बांधावरून ते कडक डावं वळण घेतलंस, एक पंख सरळ खाली, मेंढ्यांच्या डोक्यावरून. तेच वळण, ज्याला पोट सगळ्यात आधी हार मानतं. मी डोळे मिटले. गॉगलच्या आत डोळे मिटून विमान चालवत होते, हे तुला आज सांगतेय.

आणि तेवढ्यात मागून जोआन ओरडली, ‘यित्स्के! बादली कोरडी आहे! ऐकतेस ना? कोरडी ठणठणीत!’

इकडे सभागृहात जो गलका झाला तो तुला ऐकू आलाच. टाळ्या, टेबलं बडवणं. फॉप्पेने कुणाची तरी कॉफी सांडली. तू विचारलंस, ‘हे कोण?’ आणि मी म्हणाले, ‘गाव.’

त्यानंतर तू तो जुना डाउवे झालास. जोर काढलास, पुढे गेलास. मी पंचेचाळीसच्या लयीत मागे येत राहिले. तू वळून आलास आणि माझ्या शेजारी लागलास, पंखाला पंख. आपल्या घरावरून गेलो. तू म्हणालास, ‘अरे, आपल्या गोठ्यावर हा बंगला कुणी बांधला?’

‘संगणकाने. त्याला गोठा काढता येत नाही.’

तू हसलास. मी सात वर्षांत ते हसणं विसरले होते असं मला वाटत होतं. काही विसरले नव्हते.

उतरताना मी तीनदा उडी मारली, मोजत बसू नकोस. तू लोण्यावर सुरी फिरावी तसा उतरलास. दोन्ही विमानं गवतावर शेजारी उभी राहिली, इंजिनं बंद झाली. मग तू म्हणालास,

‘यित्स्के.’

‘काय?’

‘अभिनंदन.’

‘कशाबद्दल?’

‘तुझ्या भावाबद्दल.’

मी सवयीने जे तोंडात आलं ते बोलले. ‘इथे अजून आठ तारीख आहे. दिवस उजाडायच्या आधी अभिनंदन करत नाहीत.’

‘बरं,’ तू म्हणालास, ‘मग उद्या पुन्हा करतो.’

आता सकाळचे दहा वाजलेत. घर माणसांनी भरलंय, सगळे गोल करून बसलेत. मी टेबलाच्या टोकाला बसून हे लिहितेय आणि सगळे ते चालवून घेताहेत. गुलाबी साखरेचा केक कापून झाला. बिस्किटांचा नवा डबा आज मी दुसऱ्यांदा फिरवला, आणि झाकण उघडंच ठेवलं. फॉप्पेची बायको म्हणाली, ‘बाई, बरी आहेस ना?’

एकेक जण येऊन माझा हात धरत होता. ‘अभिनंदन, तुझ्या भावाबद्दल.’ सात वर्षं मी हे सांत्वनासारखं ऐकलं आणि पाठ फिरवून कॉफी ओतली. आज प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, ‘ठाऊक आहे. त्यानेच कळवलंय.’

थांब, फोन वाजतोय. फॉप्पेने उचललाय, माझ्याच घरात, त्याला सांगून उपयोग नाही. ओरडतोय, ‘मास्तरीणबाई! कुणीतरी स्वतःला तुमचा भाऊ म्हणवतोय!’

बाकीचं तोंडी सांगते.

यित्स्के